सेव्ह फाइल पुढच्या भागात नेली, पण निर्णय पोचले का?

खाडीकाठचा, रत्नागिरी

आधीच सांगतो, मास इफेक्टचे तिन्ही भाग, ड्रॅगन एज, विचर, बाल्डर्स गेट, या सगळ्या व्हिडिओ गेमची गुपितं या धाग्यात फुटणार आहेत. कोणाचं खेळायचं राहिलं असेल तर इथूनच मागे वळा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

विषय असा. रोल-प्लेइंग, म्हणजे एका पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या, गेमच्या मालिका वर्षानुवर्षं एकच आश्वासन विकतात की तुमचे निर्णय पुढच्या भागात तुमच्याबरोबर येतील. मास इफेक्ट २००७ साली आला, दुसरा २०१० ला, तिसरा २०१२ ला. जुनी सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली नोंद, नव्या भागात घालायची, की तुमचा नायक शेपर्ड, तुमची माणसं, तुमची पापं सगळं पुढे चालू. मिरग लागल्यापासून बाहेर पडायची सोय नाही, म्हणून मी २०२१ ची लेजंडरी एडिशन घेऊन तिन्ही भाग सलग खेळलो. माझं मत असं झालंय की ही मालिका आपलं नीट ऐकून घेते, मान डोलावते आणि मग तिला करायचं तेच करते.

नोव्हेरिया ग्रहावरची राकनी या किड्यांसारख्या वंशाची राणी घ्या. पहिल्या भागात ती टाकीत अडकलेली असते. सोडायची, की तिथेच ॲसिडने संपवायची? अख्ख्या वंशाचा प्रश्न. मी कंट्रोलर खाली ठेवून विचार करत बसलो होतो. आता तिसऱ्या भागात बघा. राणीला सोडलं असेल तर रीपर्सनी, म्हणजे मालिकेतल्या मुख्य शत्रूयंत्रांनी, तिला पकडून तिच्याकडून सैन्य पैदा करून घेतलेलं असतं. मारलं असेल तर रीपर्सनी नकली राणी बनवलेली असते आणि तिच्याकडून सैन्य पैदा करून घेतलेलं असतं. त्याच गुहा, तेच शत्रू. फरक एवढाच की नकली राणीला जाऊ दिलंत तर ती पुढे दगा देते आणि युद्धसामग्रीच्या यादीतला एक आकडा खाली येतो.

आकाशगंगेच्या परिषदेत मानवांचा प्रतिनिधी कोण, अँडरसन की उदिना, हे पहिल्या भागाच्या शेवटी आपल्यालाच विचारतात. तिसऱ्यात खुर्चीवर उदिना. अँडरसनने म्हणे मधल्या काळात पद सोडलं! विर्मायर ग्रहावर ॲश्ली आणि केडन या सोबत्यांतला एकच वाचवता येतो. जो वाचतो तो दुसऱ्या भागात होरायझनवर भेटून तेच सुनावतो, तिसऱ्यात मंगळावर तसाच जखमी होतो आणि तशाच खाटेवर पडतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी कलेक्टर या शत्रूंचा तळ उडवा किंवा ठेवा, पुन्हा आकडेच. तिसऱ्या भागाच्या लाल-निळ्या-हिरव्या शेवटांबद्दल तर मी बोलतच नाही.

एका भागात घेतलेला आणि पुढच्या भागात खरोखर अंगाशी आलेला एक तरी निर्णय सांगा.

सुरंगी, वेंगुर्ले

एक? दादा, तुम्ही टुचांका झोपेत खेळलात काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टुचांका हा क्रोगन लोकांचा ग्रह. त्यांची संख्या आटोक्यात राहावी म्हणून त्यांच्यावर जीनोफेज नावाचा रोग सोडलेला आहे, त्यामुळे त्यांची बहुतेक बाळं जन्मतःच मेलेली असतात. तिसऱ्या भागात त्यावरचा इलाज आपल्या हातात येतो, आणि तो द्यायचा की गुपचूप बिघडवायचा हे आपण ठरवायचं असतं.

आता मागचा हिशेब बघा. पहिल्या भागात विर्मायरवर आपला क्रोगन सोबती रेक्स आपल्यावर बंदूक रोखतो. त्याची समजूत काढता आली नाही तर तो तिथेच मरतो. दुसऱ्या भागात आपला शास्त्रज्ञ सोबती मॉर्डिन याचा शिष्य मेलॉन क्रोगन बायकांवर भयंकर प्रयोग करताना सापडतो, आणि त्यातून मिळालेली माहिती ठेवायची की पुसून टाकायची हे शेपर्ड ठरवतो. मी पुसली. अशा रक्तातून आलेली माहिती ठेवायची कशाला? तिसऱ्या भागात कळलं की ती माहिती नसेल तर ईव्ह, म्हणजे जिच्यामुळे इलाज शक्य झाला ती क्रोगन बाई, जगत नाही. चांगलं वागल्याची शिक्षा मिळते हो, आणि ती दोन वर्षांनी, दुसऱ्या डिस्कवर.

रेक्स गेला असेल तर त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव असतो. तुम्ही म्हणाल, बघा, जागा भरली, मोहीम तीच. हो, मोहीम तीच आहे, गोळ्यासुद्धा त्याच. पण रेक्स आणि ईव्ह दोघं असतील तर इलाज द्यावासा वाटतो, कारण ही माणसं आपल्या लोकांना शहाणपणाने नेतील असा भरवसा असतो. रीवला फक्त सूड हवाय आणि त्याला आवरायला ईव्ह नसेल, तर इलाज देणं म्हणजे पुढच्या युद्धाची सोय करणं. पटकथेत कागदभर फरक असेल-नसेल, पण बरोबर उत्तर उलटं होतं. परिणाम याहून वेगळा काय असतो?

आणि रेक्स जिवंत असताना त्याला फसवून बघा. त्याला कळतं. तो विचारायला येतो, आणि पुढे काय होतं ते लिहावंसं वाटत नाही.

ओहोटी, मुरूड

मॉर्डिन. एवढंच लिहिते.

कातळसडा, मूळचा गुहागर, पोटासाठी पुणे

दोघांचंही पटतं. मी गेम बनवत नाही, पण कोड लिहून पोट भरतो, म्हणून आतून कसं दिसतं ते सांगतो.

दोनच पर्याय असलेले दहा निर्णय धरा, १,०२४ वेगळी जगं होतात. वीस धरलेत तर १०,४८,५७६. प्रत्येक जगासाठी नटांकडून संवाद बोलून घ्यायचे, ॲनिमेशन करायचं, तपासायचं. कोणाच्या बापाला परवडणार? म्हणून फांदी फुटू देतात आणि तासाभराने पुन्हा खोडाला जोडतात. हे सगळेच करतात, त्यात फसवणूक नाही.

मला खटकतं ते वेगळंच. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या मोहिमेत आपले बाराही सोबती मरू शकतात. जहाज सुधारलं नाही, चुकीचा माणूस नळीत पाठवला, कोणाची निष्ठा मिळवायची राहिली, की गेला. फारच हयगय केली तर शेपर्डही मरतो आणि ती सेव्ह तिसऱ्या भागात चालतच नाही. निर्णयांना एवढी धार दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी तरी पाहिलेली नाही. पण त्याची किंमत तिसऱ्या भागाने मोजली. कोण जिवंत असेल याचा भरवसा नाही, म्हणून लेखकांनी मिरांडा, जॅक, थेन, ग्रंट, समारा, जेकब यांना एकेका मोहिमेपुरतं पाहुणं करून टाकलं. शेवटपर्यंत पथकात राहतात ते फक्त गॅरस आणि टाली. मॉर्डिन नसला तर पॅडोक विक्स तयार, थेन नसला तर किराही मधे पडतो.

म्हणजे ज्यांना मारायची मुभा दिली, त्यांचंच काम पुढच्या भागात कापलं गेलं. ज्याने जिवापाड जपून बाराच्या बारा वाचवले, त्यालाही तेवढंच मिळालं. खाडीकाठचा म्हणतो परिणाम झाला नाही. मी म्हणतो परिणाम झाला, फक्त तो निर्णय न घेतलेल्यांवरही झाला.

गजालीकार, कुडाळ

सगळ्यांचा वाचलंय. माका एक सांगा, जत्रेत दशावतार बघूक आमी जातंव तेव्हा शेवट ठावक नसता काय? दैत्य मरतलोच. संहिता लिवलेली नसता. नाईक आख्यान सांगता, आणि मगे राजा नि दैत्य उभे रवान आपल्या मनान बोलतत. लोका रात्रभर थंडीत बसतत ती त्या बोलण्यासाठी. येक राजा नुसतो आरडता, दुसरो असा बोलता की दैत्याचीच कीव येता. आख्यान तेच, नाटक येगळा.

(मालवणी न कळणाऱ्यांसाठी: शेपर्ड काय करणार हे ठरलेलं असलं तर असू दे, तो ते कसा करतो आणि तेव्हा काय बोलतो ते माझं. राकनीच्या गुहेत दोघांनाही जावं लागतं, पण आपण सोडलेल्या राणीला बेड्यांत बघणं आणि अनोळखी नकली राणीला बघणं यात फरक आहे की नाही?)

खाडीकाठचा, रत्नागिरी

गजालीकार, झकास. पण दशावतारात राजाचं काम करणाऱ्याला कोणी सांगत नाही की तुझ्या बोलण्याने आज दैत्य वाचेल. इथे खोक्यावर तसं छापलेलं होतं. माझं भांडण त्या छापलेल्याशी आहे.

सुरंगीताई, टुचांका मान्य. पण एक बघा. ते सगळं साधलं ते तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या भागात. पुढे सांभाळायचं काही उरलं नव्हतं, म्हणून लेखकांना सगळं पणाला लावता आलं. दुसऱ्या भागात पहिल्याचं काय आलं? रेक्स टुचांकाच्या गादीवर बसून मिठी मारतो, बाकी ईमेल. प्लेस्टेशन ३ वर पहिला भाग नसतानाच दुसरा आला, २०११ च्या जानेवारीत. तिथे पहिल्या भागाच्या जागी एक चित्रकथा दिली आणि तिच्यात मोजके प्रश्न विचारले. अख्ख्या गेमचे निर्णय एका चित्रकथेत मावले, यातच काय ते आलं.

पावशा, दापोली

विचरवाल्यांनाही बोलू द्या की!

तिसऱ्या विचरची (२०१५) बॅरनची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी खेळलेली असणार. टेकडीखाली झाडात कोंडलेला आत्मा आहे. सोडला तर अनाथ पोरं वाचतात, पण डाऊनवॉरेन गावाची कत्तल होते, बॅरनची बायको ॲना मरते आणि बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर पोरं जातात, ॲना वेडी होते, पण जगते, आणि बॅरन तिला घेऊन उपचाराला निघतो. यात चांगलं काय ते तुम्हीच सांगा. आणि खरी मेख अशी की निर्णय आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर ठेवलंय की मागची सेव्ह लोड करावी म्हटलं तरी मधलं सगळं पुन्हा खेळावं लागतं. ही युक्ती त्यांनी २००७ च्या पहिल्या विचरपासून चालवली आहे.

नायक गेराल्टची मानलेली मुलगी सिरी, तिचं तर त्याहून भारी. ती जगणार की नाही हे कुठल्या लढाईवर ठरत नाही. ती खचलेली असताना तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकून खेळलात की दारू पुढे केलीत, तिला एकटीला बोलायला जाऊ दिलंत की मागोमाग गेलात, संतापून ती प्रयोगशाळा फोडत होती तेव्हा फोडू दिली का, अशा गोष्टींवर ठरतं. खेळताना कुठेही कळत नाही की आत्ता काही मोजलं जातंय. बापाने हे वाक्य दोनदा वाचावं.

मात्र मालिकेपुरतं बोलायचं तर खाडीकाठच्याच्याच बाजूने. दुसऱ्या विचरमध्ये (२०११) रोशची बाजू घेतली की इयोर्वेथची यावर अख्खा दुसरा अंक बदलतो. गाव वेगळं, माणसं वेगळी, एकाच गेमच्या पोटात दोन गेम. आणि तिसऱ्यात? इयोर्वेथ गायब. साधा उल्लेखही धड नाही. सास्कियाही नाही. जुनी सेव्ह नसेल तर विझिमात गेराल्टची दाढी करताना एक सेनापती चार प्रश्न विचारतो, तेवढ्यात मागच्या गेमचा निकाल लागतो.

जुना खलाशी, अलिबाग

ही दाढीची युक्ती नवी नाही. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकच्या दुसऱ्या भागात (२००४) आपला सोबती ॲटन गप्पांच्या ओघात विचारतो, रेव्हन, म्हणजे पहिल्या भागातले आपण, बाई होती की पुरुष, शेवटी कोणत्या बाजूला गेला. आपण सांगू तो इतिहास. मला ही पद्धत आवडते, तिच्यात निदान तोंडदेखलेपणा नाही.

सगळ्यात निर्लज्ज उपाय एल्डर स्क्रोल्सवाल्यांचा. डॅगरफॉलला (१९९६) अनेक शेवट होते आणि एकमेकांशी त्यांचं जमत नव्हतं. पुढे त्यांनी सांगून टाकलं की काळच फाटला होता आणि सगळे शेवट एकदम घडले! ड्यूस एक्सच्या २००० च्या गेमला तीन शेवट होते. २००३ च्या दुसऱ्या भागाने तिन्हींची खिचडी करून पुढे नेली. कोणाचंच मन मोडायचं नाही म्हणून कोणाचंच खरं धरायचं नाही.

रातांबा, देवगड

ड्रॅगन एजबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून मी बोलते, आणि मला राग आलेला आहे.

२००९ च्या ओरिजिन्समध्ये पवित्र अस्थी विटाळल्या तर आपलीच सोबतीण लेलियाना आपल्यावर चालून येते आणि मरते. २०१४ च्या इन्क्विझिशनमध्ये ती हेरखात्याची प्रमुख, ठणठणीत. कोणी मेलं असं तुम्ही ठरवलंत म्हणून काय झालं, आम्हाला ती हवी होती!

पण त्याच इन्क्विझिशनमध्ये एक प्रसंग असा आहे की मी या मालिकेला बाकी सगळं माफ करत आले. ॲडमंटच्या किल्ल्यानंतर फेडमध्ये, म्हणजे आत्म्यांच्या जगात, एकाला मागे सोडून यावं लागतं. एका बाजूला हॉक, म्हणजे मागच्या गेममधला आपणच. दुसऱ्या बाजूला कोण ते ओरिजिन्समध्ये काय केलं होतं त्यावर ठरतं. जुना सोबती ॲलिस्टर वॉर्डन, म्हणजे त्या योद्ध्यांच्या पंथात, राहिला असेल तर तो, शत्रू लोगेनला जीवदान दिलं असेल तर लोगेन, नाहीतर स्ट्राउड नावाचा मिशीवाला, ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. स्ट्राउड असला तर दोन सेकंदांत निर्णय होतो. ॲलिस्टर असला की रात्र जाते. बटणं दोनच, आणि ती सगळ्यांना सारखीच. सुरंगी टुचांकाबद्दल म्हणते तेच हे. प्रसंग बदलायची गरजच नसते, समोर उभा राहणारा माणूस आपण आणलेला असला की झालं.

या सगळ्यासाठी त्यांनी ड्रॅगन एज कीप नावाची साइट केली होती. बसायचं आणि मागच्या दोन गेमचे निर्णय एकेक करून भरायचे. मोरिगनच्या मुलापासून कुठल्याशा फुटकळ कामापर्यंत सगळं. आम्ही भरलं. मग दहा वर्षं थांबलो. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर व्हेलगार्ड आला आणि त्याने विचारलं काय? प्रेम कोणावर केलंत, इन्क्विझिशन ही संघटना ठेवली की मोडली, आणि सोलास या जुन्या सोबत्याला थांबवायची शपथ घेतलीत की वाचवायची. तीन! ज्या दक्षिणेत आपण तीन गेम घालवले, राजे बसवले, तिथे काय चाललंय ते पत्रांतून कळतं, आणि कळतं ते एवढंच की सगळं उद्ध्वस्त होत चाललंय. राजा कोणीही असो, आता राज्यच नाही. हिशेब चुकता.

कातळसडा, मूळचा गुहागर, पोटासाठी पुणे

रातांबा, राग रास्त आहे, पण दुसरी बाजू बघ. दहा वर्षांनी येणाऱ्या गेमला नवीन गिऱ्हाईक लागतं. ज्याने २००९ साली काहीच खेळलं नाही, कारण तो तेव्हा बालवाडीत होता, त्याला पहिल्याच पानावर पन्नास प्रश्न विचारले तर तो उठून जाईल. व्हेलगार्डचं मला न पटलेलं एवढंच की आठवत नाही असं सरळ न म्हणता त्यांनी आठवणीतलं जगच पुसलं.

माझ्या मते बाल्डर्स गेट ३ (२०२३) याच कारणाने एवढा जमला. आधीचा भाग २००० सालचा, सेव्ह आणायचा प्रश्नच नाही. त्यामुळे सगळं भांडवल एकाच गेमच्या पोटात ओतता आलं. पहिल्या अंकात गोब्लिनांच्या बाजूने जाऊन ग्रोव्ह, म्हणजे आसऱ्याला आलेल्यांची वस्ती, कापून काढा, विल आणि कार्लाक हे सोबती निघून जातात, आणि दुसऱ्या अंकात लास्ट लाइट सरायीत जी टिफ्लिंग (शिंगवाली) माणसं भेटायची ती नसतातच. पर्यायी टिफ्लिंग आणून बसवलेले नाहीत. जागा रिकामी म्हणजे रिकामी.

मु. पो. मालवण

आणि व्हिकोनिया? बाल्डर्स गेटच्या दुसऱ्या भागात जिला माणसात आणायला मी एवढा जीव टाकला, ती तिसऱ्यात जशी भेटते ते बघून आमच्या पिढीचं काय झालं ते तिसरा बनवणाऱ्या त्या लारियनवाल्यांना विचारा. जाहिरा आणि मिन्स्क हे जुने सोबती चांगले आणले, नाही म्हणत नाही. पण व्हिकोनियाचं माझ्याकडे उत्तर नाही.

सुरंगी, वेंगुर्ले

खाडीकाठचा, तुम्ही म्हणालात शेवटच्या भागातच साधतं. बरोबर, पण त्यासाठी आधीचे भाग लागतातच ना? हे करून बघा. मॉर्डिन तिसऱ्या भागात टुचांकाच्या मनोऱ्यावर मरतो, हे सगळे धरूनच चालतात. एक वाट आहे जिच्यात तो जगतो. २००७ च्या गेममध्ये रेक्स मेलेला पाहिजे. २०१० च्या गेममध्ये मेलॉनची माहिती पुसलेली पाहिजे, म्हणजे ईव्ह जगत नाही. मग २०१२ च्या गेममध्ये, रीव गादीवर असताना, मनोऱ्याखाली मॉर्डिनला पटवता येतं की या लोकांच्या हातात आत्ता इलाज देणं बरोबर नाही. आणि तो ऐकतो! निघून जातो, जिवंत. रेक्स आणि ईव्ह दोघं जिवंत असतील तर तो ऐकत नाही, तेव्हा इलाज थांबवायचा असेल तर त्याच्यावर गोळी झाडावी लागते.

तीन गेम, तीन निर्णय, आणि मित्र वाचवायचा तर एका वंशाचं भविष्य गेलं. ही वाट खोक्यावर कुठे छापली होती?

खाडीकाठचा, रत्नागिरी

ही छापायला हवी होती. मात्र याच्यासाठी विर्मायरवर रेक्सला मरू द्यायचं हे माझ्याच्याने होणार नाही, आत्ताच सांगतो. एक मुद्दा तुमच्या बाजूचा मीच देतो. गेथ हे यंत्रमानव आणि त्यांना घडवणारे क्वेरियन यांचा समेट. दुसऱ्या भागात क्वेरियन टालीच्या खटल्यात काय केलं, तिचं आणि गेथ लिजनचं भांडण कसं मिटवलं, फुटीर गेथांचं काय केलं, हे सगळं तिथे मोजलं जातं. कमी पडलं तर दोघांपैकी एक जमात डोळ्यांसमोर संपते. राकनीबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे.

नवशिक्या, सावंतवाडी

सगळा धागा वाचला, गुपितं फुटली तरी चालतील. एकच विचारायचं होतं. तिन्ही भाग मिळून डाउनलोड शंभर जीबीच्या वर आहे आणि आमच्याकडे पावसात नेट म्हणजे देवाची मर्जी. एडिशनमधले भाग वेगवेगळे उतरवता येत असतील तर थेट तिसराच घेऊ का? सेव्ह नसली तरी चालतो म्हणे.

कातळसडा, मूळचा गुहागर, पोटासाठी पुणे

चालतो, पण तसं करू नकोस. जुनी सेव्ह नसेल तर गेम स्वतःच मागचा इतिहास धरून चालतो, आणि तो काय धरतो ते बघ. रेक्स विर्मायरवर मेला. राकनी राणी मेली. मेलॉनची माहिती पुसली, म्हणजे ईव्हही जाणार. टुचांकावर तुला रीव भेटेल आणि तुला वाटेल क्रोगन असेच असतात.

पहिला उतरव, लहान आहे. रात्री लावून झोप, वीज टिकली तर सकाळी झालेला असेल. पहिले दोन तास कंटाळा येईल, लिफ्ट फार हळू चालायच्या त्या या एडिशनमध्ये जरा सुधारल्यात. विर्मायरच्या आधी रेक्सच्या घराण्याचं चिलखत शोधायचं काम तेवढं करून घे, मग बोलण्यात कमी पडलास तरी तो ऐकतो.